शिवरामकाकांनी आधी सिम बंद केलं

शिवरामकाकांनी तीस वर्षं लोकांच्या विजेचे मीटर वाचले. आमच्या कोपरीत कुठल्या जिन्याखाली किती मीटर आहेत, ते त्यांना अजून पाठ आहे. निवृत्त झाले, पण लिहून ठेवायची सवय गेली नाही. सिलिंडर कधी लावला, डॉक्टरांनी कुठली तारीख दिली, घरातल्या मोबाईलच्या खोक्यांवरचे पंधरा आकडी नंबर, सगळं एका निळ्या वहीत. चाळीतले लोक हसतात. काही हरवलं की त्यांच्याकडेच येतात.

कांताकाकू त्यांची बायको. मार्चमध्ये कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढली. आता त्या टाळी वाजवून बोलावतात. एक टाळी मुलीला, दोन काकांना. बाकीचं पाटीवर लिहितात.

त्यांची मुलगी प्रियांका माझ्याबरोबर बीएला होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने फोन ओट्यावर ठेवला आणि आईचं बोलणं रेकॉर्ड केलं. एक्केचाळीस मिनिटं. त्यात विशेष काही नाही. काकू भाकऱ्या थापताहेत, कुकरला शिव्या देताहेत, मधेच ओरडताहेत, "अहो, हा कडीपत्ता आणलाय की गवत?"

काकांनी ते कधी ऐकलं नाही. "तिला बरं वाटू दे, मग बसून ऐकू," म्हणायचे. मी प्रियांकाला दोनदा सांगितलं होतं, मला पाठवून ठेव. "हो रे, पाठवते." पण ते तिच्या फोनमध्येच राहिलं.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघं कॉलेजचे दाखले आणायला कल्याणला गेलेलो. स्टेशनपाशी शेअर रिक्षातून उतरलो. रिक्षा वळली, गेली. प्रियांकाने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"साक्या, फोन सीटवर राहिला."

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग माझ्या फोनवर तिने तिचं खातं उघडलं. नकाशावर हिरवा ठिपका होता, आणि तो चालत होता. आम्ही दुसरी रिक्षा पकडली. फोन मोठ्याने वाजवायचं बटण दाबत राहिलो. रस्त्याच्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार?

वाटेत तिने घरी फोन केला. "पप्पा, फोन रिक्षात राहिला. पण दिसतोय नकाशावर. मागेच आहोत आम्ही."

"घाबरू नको. मी इकडून बघतो काय ते."

काय बघणार, हे आम्ही विचारलं नाही.

लाल चौकीच्या सिग्नलला ठिपका थांबला. आम्ही दोनशे मीटर मागे होतो. पुढे रिक्षांची रांग. आमचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उतरून पळा, सिग्नल सुटेल." आम्ही उतरलो. तेवढ्यात ठिपका करडा झाला. खाली अक्षरं आली: शेवटचं दिसलं, ११:४२.

सिग्नल सुटला. रिक्षा चारी दिशांना गेल्या.

प्रियांकाने परत घरी फोन लावला. "पप्पा, तुम्ही काही केलं का?"

"केलं ना. कंपनीला सांगून सिम बंद केलं. पहिलं तेच करायचं असतं, नाहीतर बँकेतून पैसे काढतात. कात्रण आहे वहीत."

फोन मी घेतला. सांगितलं, की काका, त्या सिमच्या नेटवरच फोन दिसत होता. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"परत चालू करायला सांगतो. लगेच."

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "नवीन कार्ड घ्या म्हणतात रे. ते जुनं आता चालणार नाही."

तीन वाजेपर्यंत आम्ही स्टँडवर एकेका रिक्षावाल्याला विचारत फिरलो. मग काका स्वतः आले. खोकं, बिल, वही, सगळं घेऊन. पोलीस चौकीत हवालदार खूश झाला. "काका, एवढं व्यवस्थित कुणी येत नाही हो. हा नंबर ब्लॉक करू. कुणी दुसरं सिम टाकलं तर कळेल."

"ब्लॉक केल्यावर आतलं पुसलं जातं का?"

"आतलं म्हणजे? फोटो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "हा साहित्य शिकलाय. तू सांग रे यांना."

मी खोकं पुढे सरकवलं. हवालदाराने लिहिलं, काळ्या रंगाचा मोबाईल, एक.

घरी काकूंनी पाटी पुढे केली. मिळाला?

प्रियांकाने नाही म्हणून मान हलवली. काकूंनी पाटी पुसून लिहिलं, "बरं झालं. कुकरला फार शिव्या दिलेल्या."

प्रियांका हसली आणि हसता हसता रडायला लागली. काका पाटी वाचत उभे राहिले. "मला तुझा फक्त कडीपत्ता आठवतो," म्हणाले. "आवाज आठवत नाहीये."

काल मी गेलो तेव्हा काका फोन घेऊन बसलेले. रोज चार वाजता ते प्रियांकाच्या नंबरवर फोन लावतात. रोज बंद असल्याचं ऐकतात. काल रिंग वाजली. काका ताडकन उठले. एका पायात चप्पल घालून झाली होती.

आतल्या खोलीतून प्रियांका घरातला जुना हँडसेट घेऊन आली. "पप्पा, मीच. त्याच नंबरचं नवीन कार्ड सकाळीच टाकलंय."

काकांनी फोन कट केला नाही. तिच्या हातातला हँडसेट वाजत राहिला.

आतून दोन टाळ्या ऐकू आल्या. काका एका चपलेनिशी आत गेले. "काय गं? काय पाहिजे?"

मी दारातून बघितलं. काकूंची पाटी खुंटीलाच होती. त्यांना काही लिहायचं नव्हतं, नुसती हाक मारायची होती.