घशात काही नाही

"तुमच्या घशात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "अन्ननलिका स्वच्छ आहे. गाठ नाही, जखम नाही. कॅन्सर तर नाहीच."

अशा वेळी लोक देवाला हात जोडतात. मला राग आला. सगळा पावसाळा मी पेजेवर काढलेला, कमरेचा करगोटा खाली घसरायला लागलेला, आणि हा माणूस म्हणतो काही नाही. मी विचारलं, "काय नाय तं मंग भात अडतो कशाला?"

डॉक्टरांनी आधी माझ्या मुलाला, नितीनला सांगितलं. याला फंक्शनल डिस्फेजिया म्हणतात. मग माझ्याकडे वळून समजावलं. गिळायची नळी शाबूत, तिचे स्नायू शाबूत, पण गिळायचं म्हटलं की ते आवळून धरतात. मनावर भार असला की होतं असं. "बाबा, तुमच्या मिसेस कधी वारल्या?"

उत्तर नितीनने दिलं. मला एवढंच कळलं की मला वेडा ठरवलंय.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकेल ते सांभाळून घ्या. पण ज्यांच्या घरात तपासण्या चांगल्या आल्या आणि माणूस तरी झिजतोय, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहायला बसलो.

आम्ही चौक गावाजवळचे, खालापूर तालुक्यातले. भातशेती. उन्हाळ्यात माझी बायको द्वारका ओटीवर वाल निवडत बसली होती, तिथंच कलंडली. मेंदूत रक्त साकळलं. दवाखान्यात नेलं, पण परत बोललीच नाही.

लावणीच्या दिवसांत बांधावर जेवत होतो तेव्हा पहिला घास अडला. छातीच्या वर येऊन थांबला. पाणी प्यालो तर पाणीही उलटून आलं. वाटलं, घाईत खाल्लं. पण मग रोज व्हायला लागलं. भाकरी सुटली, भात सुटला, मासळी सुटली. मऊ पेज तेवढी उतरायची, तीही घोटाघोटाने, मान पुढे काढून.

आधी बेरियम स्वॅलो केली. म्हणजे चुन्यासारखं पांढरं पाणी प्यायला देतात आणि ते उतरताना फोटो काढतात. मग एंडोस्कोपी. तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटापर्यंत घालतात. मी ओकाऱ्या काढत होतो आणि सिस्टर म्हणत होती, रिलॅक्स बाबा, रिलॅक्स. शेवटी बायोप्सी, म्हणजे आतला बारीक तुकडा काढून तपासतात. त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तो वेळ सगळ्यात वाईट.

बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक माणूस बसायचा. मानेवर कॅन्सरचा शेक द्यायला आखलेल्या निळ्या शाईच्या रेघा, नाकात नळी. त्याने हाताने खूण करून विचारलं, तुमचं काय? मी खांदे उडवले. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या मागच्याच नंबरला उभा आहे.

त्या दिवसांत नितीन माझ्याशी फार गोड बोलायचा. मला तेव्हाच भीती वाटली.

आणि रिपोर्टात काही नाही निघालं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही म्हणजे त्रास खोटा आहे असं नाही. वजन असंच उतरत राहिलं तर मला नाकातून नळी घालावी लागेल." मग त्यांनी कर्जतच्या एका बाईंचं नाव दिलं. योगही शिकवतात आणि काउन्सेलिंगही करतात, म्हणजे माणसाचं ऐकून घेतात.

नितीन गाडीत म्हणाला, "बाबा, भात झोडून झालं का तसंपण तुमी माझ्याकडंच येणार. तवर जाऊन तं बघा."

नितीन पनवेलला राहतो. कंपनीत आहे. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. मला न्यायचं त्याचं केव्हाच ठरलं होतं, घराला कुलूप लावायचंही. मी काही बोललो नाही. नितीनला ते हो वाटलं.

त्या बाई म्हणजे मेधाताई, कर्जतच्या जुन्या आळीतल्या. वडील मास्तर, ह्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. घराच्या माडीवर सतरंज्या अंथरलेल्या, बाकी काही नाही. मला वाटलं होतं बाई उपदेश करतील, काका, जाणारं माणूस गेलं, आता आनंदी राहा. माझं उत्तर तयार होतं. पण त्यांनी उपदेशच केला नाही.

"काय त्रास होतो?" त्यांनी विचारलं.

"घास जात नाय."

"घास जात नाही."

"तेच बोललो मी."

"हो. मी ऐकलं."

मग गप्प. मीही गप्प. घरी आल्यावर माझी धाकटी बहीण गंगू फोनवर म्हणाली, "काय बोलली रं बाई?" मी सांगितलं, "माझंच मला परत देते. त्यापरीस मी घरी भिंतीशी बोलेन."

नंतर त्यांनी त्यांची पद्धत समजावली. ह्यात समोरचा शहाणा आणि आपण खुळे असं धरत नाहीत. ज्याचं दुखतं त्यालाच वाट ठाऊक असते, फक्त ती दिसत नसते. त्याने न घाबरता बोलावं, एवढी जागा करून द्यायची. ह्याला मानवतावादी मानसोपचार म्हणतात. मी म्हणालो, "मला वाट ठाऊक असती तं तुमच्या माडीवर कशाला चढलो असतो?" त्या हसल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या.

अर्धा वेळ बोलणं, अर्धा वेळ योग. बोलणं अडलं की त्या म्हणायच्या, चला, शरीराला विचारू. मांडी घालणं, उकिडवं बसणं मला जड नाही, जन्मभर तेच केलं. पण श्वास बघा म्हटल्यावर मी घाबरलो. हवा छातीत जायची आणि गळ्यापाशी मूठ मिटल्यासारखी अडायची. भ्रामरी म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. माझा आवाजच निघेना. शवासनात डोळे मिटून उताणं पडायला सांगितलं तेव्हा मी सरळ उठून बसलो. द्वारकेला ओटीवर तसंच ठेवलं होतं. बाईंनी जोर केला नाही. "नको तर नको. तुम्हाला कसं बरं वाटेल तसं बसा." मी भिंतीला टेकून बसलो. मला कोणी असं विचारून बरेच दिवस झाले होते.

पण वजन उतरतच होतं. कापणी सुरू झाली. शेतात एक खाचर रिकामं झालं की मला वाटायचं, आपण तेवढे पनवेलच्या जवळ गेलो. डॉक्टरांनी पुढच्या वेळी नळीचा कागद सही करायला ठेवतो म्हणून सांगितलं. शेजारचा पांडू विळा घासत म्हणाला, "दादा, औंदा भात भरून आलाय आनि तू पार वाळलास."

त्या आठवड्यात मी कर्जतला गेलो तेव्हा एसटीतून उतरताना कंडक्टरने दंडाला धरलं. बाईंनी सिंहासन करायला सांगितलं. गुडघ्यांवर बसायचं, हात टेकायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची, डोळे वटारायचे आणि पोटातून हाऽऽ करून श्वास सोडायचा. म्हाताऱ्या माणसाने जीभ काढायची म्हणजे लाजच. मी म्हणालो, "पोरं हसतील." त्या म्हणाल्या, "इथे पोरं नाहीत. मी पण काढते." आणि ही मास्तरांची मुलगी माझ्यासमोर जीभ काढून ओरडली. मग मीही केलं.

पहिल्यांदा फुस्स झालं. दुसऱ्यांदा घोगरं. तिसऱ्यांदा रेड्यासारखा आवाज निघाला, आणि त्याच्या मागोमाग, मी ठरवलेलं नसताना, तोंडातून आलं, "मी जाणार नाय."

बाई थांबल्या. "कुठे?"

मग मी ते सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं.

द्वारकेच्या दहाव्याला आम्ही नदीवर होतो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे उंबरावर बसलेले, खाली बघत होते, पण येत नव्हते. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, कोणीतरी शब्द द्या. कोणी म्हणालं, तुझी म्हैस विकणार नाय. कोणी म्हणालं, नातवाचं सगळं नीट करू. कावळा हलेना. गंगूने मला ढोसलं, "दादा, तू बोल रं. तुझ्यासाठी आडलीय ती." माझं तोंड उघडेना. सगळा गाव माझ्याकडे बघतोय आणि माझा आवाज नाही. तेव्हा नितीन पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आये, बाबांना एकटं ठेवणार नाय. माझ्याकडं नेईन." आणि कावळा खाली आला.

बायका रडल्या. सगळे म्हणाले, बघा, त्यातच जीव होता तिचा.

आता सांगा, मी काय करायचं? जायचं नाही म्हणावं, तर मेलेल्या बायकोची इच्छा मोडली. जावं, तर चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून मरायचं. जिवंत बायको असती तर भांडलो असतो. कावळ्याशी कसं भांडणार?

बाईंनी ते खुळचट आहे असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी उठून आलो असतो. त्यांनी माझ्यासमोर आणखी एक सतरंजी अंथरली. "द्वारकाबाई इथे बसल्यात असं धरू. जे तेव्हा बोलता आलं नाही ते आता बोला."

मी त्या सतरंजीकडे तोंड करून बसलो. मग तोंड सुटलं. "अगं, तुला निरोप पाठवायला कावळाच गावला? येवढी वर्सं संसार केला, माझं मन तुला ठावं नाय? ह्या घरातनं तू गेलीस, आता मलाबी काढतेस?" मी ओरडत होतो. ओरडता ओरडता रडलो. ती गेल्यावर पहिल्यांदा.

बाई म्हणाल्या, "आता तिच्या जागेवर बसा. ती काय म्हणेल?"

"मी बाईमाणसाच्या जागेवर बसू?"

"बसायचं नसेल तर नका बसू."

बसलो. डोळे मिटले. माझ्या तोंडातून तिचा सूर आला, तो ठसकाच. "अवो, मी कवा म्हटलं घर सोडा? पोरगा म्हनला एकटं ठेवनार नाय, तवा माझा जीव भांड्यात पडला. पुढचं ऐकायला थांबलं कोन? तुमाला उचलून न्यायला तुमी काय भाताची कणगी हाव?"

मी डोळे उघडले. बाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. मलाही हसू आलं. नितीन दोन गोष्टी बोलला होता. कावळा कुठल्या गोष्टीला आला ते कोणी विचारलंच नव्हतं.

पण सतरंजीला सांगणं सोपं. नितीनला सांगायचं राहिलं होतं, आणि तो रविवारी सामान बघायला येणार होता. मी बाईंना म्हणालो, तुम्हीच फोन करा. त्या म्हणाल्या, "काका, हे तुमचं बोलणं आहे." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. आज वाटतं, तेच खरं औषध होतं.

रविवारी नितीन आणि सून अश्विनी आले. दुपारी पानं वाढली. माझ्यापुढे अश्विनीने सवयीने पेज ठेवली, आणि बाजूला नावाला भात-कालवण.  मी एक लांब श्वास सोडला आणि म्हणालो, "नितीन, मी पनवेलला येणार नाय."

त्याचा हात ताटातच राहिला. "बाबा, आईला शब्द दिलाय मी."

"तू दिलास. मी नाय."

"तुमी गप होता. सगळी बघत होती. कोनीतरी बोलायला पायजे होतं. मला काय हौस होती?" त्याचा आवाज फाटला. "तुमाला इथं काय झालं तं लोक माझ्या तोंडात शेन घालतील. आई मला माफ करंल?"

तेव्हा मला कळलं, पोरगाही घाबरलेला आहे. मी एकटाच अडकलो होतो असं नाही. पण मी मागे हटलो नाही. मी द्वारकेचं सांगितलं, कणगीचंही. तो म्हणाला, "ते तुमी बोललात, आई नाय." मी म्हणालो, "तिच्या तोंडचं मला नाय कळणार तं कोनाला कळणार?" आमचं जुंपलं. आवाज रस्त्यावर गेला. तो म्हणाला, एकटे राहणार नाही एवढं तरी सांगा. मी म्हणालो, गंगूला बोलवतो. तिचा पोरगा माथेरानला हॉटेलात कामाला, महिन्याने एकदा खाली उतरतो, तीही कळंबला एकटीच बसलेली असते. तो म्हणाला, तुमी दोघं एकमेकांचे जीव घ्याल. मी म्हणालो, घेऊ, पण आपल्या घरात घेऊ.

 अश्विनी हळूच म्हणाली, "बाबा, भात संपला तुमचा."

मी खाली बघितलं. ताट रिकामं होतं. पेज तशीच.

 नितीनने भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि तोंड फिरवून बसला.

लगेच सगळं बरं झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी पुन्हा अडली. बरं व्हायला थंडी सरावी लागली. नळीच्या कागदावर सही करायची वेळ मात्र आली नाही. अजून मी आठवड्यातून एकदा माडी चढतो. शवासन आता कुशीवर पडून करतो, बाईंनी तशी मुभा दिली आहे. रोज सकाळी ओटीवर जीभ काढून ओरडतो. पांडूची पोरं हसतात, हसू देत.

ज्यांचा घास अडतो त्यांनी तपासण्या आधी कराव्यात. एंडोस्कोपी टाळू नये. आत खरंच काही असेल तर ते योगाने जात नाही. पण सगळं साफ निघालं, तर डॉक्टरांवर रागावू नका, मी रागावलो तसे. ते काही नाही म्हणतात तेव्हा आपल्याला खोटं पाडत नसतात. मी त्यांना जाऊन सांगून आलो, तुमचे उपकार आहेत. मेधाताईंना मात्र सांगितलं नाही. त्या म्हणतील, "उपकार आहेत," आणि गप्प बसतील.

गंगू आता माझ्याकडेच असते. नितीन रविवारी येतो, अजून थोडा घुश्शात असतो, पण येतो. काल गंगूने पिठलं केलं, मीठ जास्त झालं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बोलायला लागल्यापासनं तुझं तोंड लय सुटलंय रं दादा. गप जेव." मी जेवलो.