डोळ्याला जखम नव्हती

तीन वर्षांपूर्वी, हरभरा काढणीच्या दिवसांत, चाकूर तालुक्यातल्या आमच्या शेतात चुलतभावाने माझ्या थोरल्या भावावर कुऱ्हाडीने वार केले. एक दंडावर बसला, दुसरा मांडीवर.

चुलतभाऊ दर नांगरटीला दोघांमधला बांध आमच्या बाजूने कोरत होता. त्या सकाळी दादा ट्रॅक्टरसमोर आडवा उभा राहिला.

मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली होती. वहिनीने पदर फाडून आवळून बांधला. लातूरला पोचेपर्यंत जीपच्या तळात रक्त साचले होते. मी नांदेडच्या वर्तमानपत्रात काम करतो; अशा चार ओळींच्या बातम्या रोज लावतो. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन झाले होते. रक्तदाब बराच वेळ लागतच नव्हता, असे डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी दादाने पोलिसांना चुलतभावाचे नाव सांगितले. मग माझ्याकडे पाहिले.

"दाढी कर की. मी मेलो न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारले, "डोळ्याला पट्टी कशाला बांधली? डोळ्याला कुठं लागलंय?"

पट्टी नव्हती. डोळे उघडे होते. डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश टाकला. बाहुल्या आकसल्या नाहीत. अंगातले रक्त गेले, दाब पडला आणि डोळ्यामागच्या नसेला रक्त मिळाले नाही, असे त्यांनी सांगितले. डोळे शाबूत, नस मेलेली. नजर परत आली नाही.

आठवड्याने चुलते मोसंबी घेऊन वॉर्डात आले. चुलतभाऊ तेव्हा कोठडीत होता.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मिटवून टाक. कोर्टात बोट कुणाकडं दाखवणार आता? डोळं तर गेलं."

"तात्या, जरा जवळ या. ऐकू येत न्हाई."

ते वाकले. दादाने धड हाताने त्यांचा गळा धरला. दोन वॉर्डबॉयना मिळून बोटे उकलावी लागली. तोवर चुलत्यांचे ओठ निळे पडले होते. दादाच्या मांडीचे टाके उसवून चादर लाल झाली होती. मोसंबी खाटांखाली गेली.

तेव्हापासून त्यांच्या घरातले कोणी दादासमोर आवाज काढत नाही. साक्षीच्या दिवशी जामिनावर सुटलेला चुलतभाऊ कोर्टात खोकलासुद्धा नाही.

त्याच्या वकिलाने विचारले, "तुम्हाला दिसतं का?"

"न्हाई."

"मग वार कुणी केले, हे कसं सांगता?"

"त्या दिवशी दिसत होतं, साहेब. तो माझा चुलतभाऊ हाय. एका ताटात जेवलोय आम्ही."

"तो इथं असेल तर बोट दाखवा."

दादा थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग त्याने हात उचलला. बोट खिडकीकडे होते. चुलतभाऊ मागे, दाराजवळच्या पिंजऱ्यात उभा होता.

साक्षीदाराने आरोपीचे नाव सांगितले, याची नोंद झाली. बोट खिडकीकडे होते, याचीही झाली. निकाल अजून लागलेला नाही.