आत्याबाईंची यमू

माणसांशी इतकी तुसडी आणि कोळ्यांशी इतकी हळवी बाई अख्ख्या पुण्यात दुसरी सापडायची नाही. ही बाई म्हणजे माझ्या बायकोची आत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणींपैकी कुणी भजनी मंडळात गेल्या, कुणी गुडघे बदलून घेतले. आत्याबाईंनी टॅरंटुला पाळले. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. हडपसरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, इतरांच्या घरी जिथे चिनी मातीची हरणं असतात तिथे, काचेच्या पेट्या आहेत. पेटीत कोकोपीट म्हणजे काथ्याचा भुसा, त्यावर उपडी करवंटी आणि करवंटीखाली कुणीतरी. लग्नानंतर आम्ही जोडीने नमस्काराला गेलो, मी वाकलो, आणि माझ्या नाकासमोर, काचेपलीकडे, करवंटीखालून एक केसाळ पाय सावकाश बाहेर आला. मी आत्याबाईंच्या पायांपर्यंत पोचण्याऐवजी सोफ्यावर उडी मारून उभा राहिलो. आत्याबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "जावईबापू, नमस्कार खाली असतो," त्या म्हणाल्या.

तो पाय यमूचा होता. घरात आणखीही दोन कोळी आहेत, पण यमू लाडकी. तिला शनिवारी नाकतोडा, बाटलीच्या झाकणात गाळलेलं पाणी आणि रोज सकाळी पेटीपाशी बसून वाचून दाखवलेल्या बातम्या मिळतात. कोळ्यांना कान नसतात हे मी एकदा बोलून गेलो. "म्हणून तर मधे बोलत नाही," उत्तर आलं.

पण आत्याबाईंचा खरा जीव यमूच्या फोटोंत. जेवणाच्या टेबलाचा स्टुडिओ होतो, टेबललॅम्पला बटर पेपर लागतो आणि आरसा धरायला जावई लागतो. लग्नातला जांभळा शालू आत्याबाईंनी कपाटातून काढला तो यमूमागे पडदा लावायला. "मला आता कोण बघतंय? तिचा रंग खुलतो." यमू शालूसमोर येऊन बसते आणि मी वीतभर अंतरावरून तिच्या अंगावर उजेड पाडतो.

"हलू नका."

"हलत नाहीये आत्या, थरथरतोय."

"मग थरथरू नका. ती बघा कशी बसलीये."

हे फोटो त्या कुठेही दाखवतात. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई नातवाचे फोटो दाखवता दाखवता सगळ्या मांडवाची उणीदुणीही काढत होत्या. आत्याबाईंनी शांतपणे आपला मोबाइल त्यांच्या पानाशेजारी ठेवला. "ही आमची यमू. आठ डोळे आहेत, पण उगाच इकडेतिकडे बघत नाही." बाईंची जिलबी तशीच राहिली.

असं असताना सोसायटीत तक्रार होणारच होती. कुणीतरी आवई उठवली की आत्याबाईंचा कोळी पाइपातून खाली उतरतो. मग एका रविवारी दुपारी मी आणि आत्याबाई जेवून उठतोय तोच चेअरमन आणि सेक्रेटरी दारात हजर. हे प्राणी घरातून हलवा, एवढंच सांगायला आले होते. तेवढ्यात चेअरमनसाहेबांचं लक्ष पेटीकडे गेलं. यमू उताणी पडली होती, आठही पाय वर.

"मेला वाटतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला सुटल्याचा आनंद लपत नव्हता.

"मेली नाही. कात टाकतेय," आत्याबाई म्हणाल्या. "चपला काढा, आवाज बंद करा आणि खाली बसा."

ते बसले. आत्याबाईंनी वाऱ्याचा त्रास नको म्हणून पंखा बंद केला. ऐन एप्रिल होता. सेक्रेटरींचा फोन वाजला, तो आत्याबाईंनी त्यांच्या हातातून काढून तांदळाच्या डब्यात टाकला. कात टाकताना एखादा पाय जुन्या कातडीत अडकला तर कोळी दगावू शकतो, हे त्यांनी आम्हाला कुजबुजत सांगितलं. आम्ही घामाने निथळत चौघे काचेसमोर मांडी घालून बसलो. पाठीवरची कातडी उकलली. ओले मोजे काढावेत तसे यमू एकेक पाय ओढून काढू लागली. सात निघाले. आठवा निघेना.

ती ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. मी आत्याबाईंकडे पाहिलं. कॅमेरा मांडीवर तसाच पडून होता आणि या करारी बाईने पदराचं टोक दातांत धरलं होतं. एवढ्यात शेजारून घोगरा आवाज आला, "ओढ गं बाई, जरा जोर लाव." चेअरमन होते. चष्म्यावर घाम साचला होता, तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. आणि पाय निघाला! सेक्रेटरींनी टाळी वाजवली आणि आत्याबाईंच्या नजरेने दोन्ही हात जागच्या जागी थिजवले.

तक्रारीचं नाव पुन्हा निघालं नाही. जाताना चेअरमनसाहेब जिन्यात भेटलेल्या माणसाला "सुखरूप आहे" असं सांगत गेले. त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं, तरी त्याने अभिनंदन केलं. पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये विचारपूस चालायची, "खाल्लं का काही तिने?" आणि आत्याबाई सांगायच्या, "इतक्यात नाही, दात अजून मऊ आहेत."

अलीकडे आत्याबाईंचा उजवा हात कापतो. फोटो हललेले येतात, यमूच्या जागी तपकिरी धूर दिसतो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. परवा मात्र त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला, नेम धरला आणि बाजूला सरकल्या. "बटण तुम्ही दाबा." मी दाबलं. मग त्या सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या, "तिच्या जातीच्या माद्या वीस-पंचवीस वर्षं जगतात. ही अजून तरुण आहे."

मला काय विचारलं जातंय ते कळलं होतं.

"झाकण उघडताना फुंकर लागू देऊ नका," त्या म्हणाल्या. "बाकी काही अवघड नाही."

मी मान हलवली. मग त्यांनी माझा हात धरून पेटीपाशी नेला आणि झाकण कसं सरकवायचं ते दाखवलं. त्यांचा हात कापत होता आणि माझाही. यमू कोपऱ्यात स्वस्थ बसून होती.