कांताबाईंच्या खोलीतली जाळी

आमचे शेजारी भगवान रंगारी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत कौन्सिलचे बिल्डिंग इन्स्पेक्टर होते. माणूस देवासारखा, पण कामात महाखडूस. कुणी माळ्याची खोली करून घेतलेली, म्हणजे लॉफ्ट कन्व्हर्जन, बघायला गेले आणि पाइपाभोवती बोटभर फट दिसली, तरी सही मिळायची नाही. "वहिनी, मजल्यातलं भोक म्हणजे आगीला जिना. खाली पेटलं तर वरच्याला निदान अर्धा तास मिळाला पाहिजे," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि या गृहस्थांच्या स्वतःच्या घरात चांगलं हातभर भोक होतं! खालच्या स्वयंपाकघरातली ऊब वर जावी म्हणून जुन्या मालकाने मागच्या बेडरूमच्या जमिनीत लोखंडी जाळी बसवली होती. २००१ साली नागपूरहून भगवानरावांची आई, कांताबाई आल्या. गुडघे गेलेले, बाथरूम वर, म्हणून त्यांना तीच खोली दिली. नागपूरच्या उन्हात जन्म काढलेल्या बाईला नुसता रेडिएटर कसा पुरणार? जाळी राहिली. "उन्हाळ्यात बुजवतो," असं भगवानराव दर हिवाळ्यात म्हणायचे. "दिव्याखाली अंधार!" मी म्हणायची. ते ओशाळून हसायचे.

खरं तर जाळीतून ऊब वर जायची, त्याहून जास्त कांताबाई खाली यायच्या. "सुचेता, कांदा जळून राहिला वं!" अशी छतातून हाक आली की सुनेने धावत जाऊन गॅस बारीक करायचा. संध्याकाळी भगवानराव आणि सुचेता खाली बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे आणि वरून कांताबाईंचा थरथरता आवाज अर्धा शब्द मागे राहून साथ द्यायचा. मी कितीदा चहाचा मग धरून तिथे नुसती बसून राहिले आहे.

२००६च्या जानेवारीत माझ्या पायी घोळ झाला. सुचेताने तळणाचं तेल तापत ठेवलं होतं आणि मी तिला दारातच गप्पांत अडकवलं. वरून खोकला ऐकू आला. आम्ही आत धावलो तर तेल पेटलेलं. सुचेताने गॅस बंद करून कढईवर झाकण टाकलं. मी वर पळाले. जिन्यात धुराचा मागमूस नव्हता, तिथला अलार्म गप्प होता. कांताबाईंच्या खोलीत मात्र समोरचं दिसत नव्हतं. सगळा धूर जाळीतून थेट त्यांच्याकडे गेला होता. कसंबसं त्यांना पुढच्या खोलीत आणलं. रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं आणि सुखरूप घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी रजा घेतली, जाळी उपटली, खालून आग अडवणाऱ्या फायरबोर्डाचे दोन थर, वर फळ्या, फटी नीट भरल्या. नियमाला धरून, अगदी दुसऱ्याच्या घरी करायला लावत तसं.

कांताबाई पलंगावरून बघत होत्या. "आता वंदना मले कशी ऐकू येईन रे?" एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी भगवानरावांनी फोटो उचलला, सुचेताने मेणबत्ती घेतली, आणि दोघं वर गेले. अपराध्यासारखी मीही मागून गेले. त्या खोलीत चौघं म्हणजे गर्दीच. भगवानराव आईच्या पायाशी टेकले. वंदना झाली. या वेळी कांताबाईंचा आवाज मागे राहिला नाही.

मग त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. "पाच वर्सं झाली, असा माह्याजवळ बसला नव्हता तू," त्या म्हणाल्या. "हे भोक पह्यलेच काहून नाही बुजवलं रे?"