अनुसयाबाईचं लाईव्ह लोकेशन

"आई, फोन दे," प्रवीण पुन्हा म्हणाला. विहाराच्या दारात उभा, हात पुढे केलेला. त्याची माय अनुसया फोन पदरात गुंडाळून भिंतीला टेकून बसलेली. "तुले वापरता येत नाई. आपली रानातली सात्याची जागा तू साऱ्या गावाले वाटून दिली."

माझ्या वर्गातली कमल हसली. हसणारच, त्या वाटपात तिची टोपली भरली होती. त्यावर प्रवीण कमलवर घसरला, तिच्या शेजारची सखू प्रवीणवर घसरली, आणि मी सगळ्यांवर.

भांडण विहारात झालं, कारण तिथंच दुपारी मी बायकांना स्मार्टफोन शिकवते. चिमूर तालुक्यातलं आमचं गाव, तीन बाजूंनी जंगल. मला कोणी शिकवलं नाही. मुलानं टाकून दिलेला फोन उचलला आणि एकेक चिन्ह दाबून पाहिलं. एकानंही करंट मारला नाही. पण दुसऱ्यांना शिकवायला लागल्यापासून किस्से इतके साचलेत की "स्टोरेज फुल" ही पाटी आता माझ्याच कपाळावर लावावी लागेल. म्हणून भांडणाकडे वळण्याआधी थोडी जागा मोकळी करते.

०

पहिला धडा ओटीपीचा. मी सांगितलं, ओटीपी म्हणजे तुमच्या घराची घटकाभराची किल्ली. मागेल तो चोर. द्यायची नाही.

कमलनं हे मनावर घेतलं. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि म्हणाला, बाई, ओटीपी सांगा. कमलनं त्याला अंगणातूनच हाकलला. सिलिंडर गाडीत परत गेला. मग आठवडाभर तिच्या घरी चूल. नवऱ्याचे डोळे धुरानं लाल, पण बोलायची हिंमत नाही.

मी म्हटलं, "अवं, त्याले द्याचा असते." तर मलाच म्हणते, "मंग चांगला चोर कोणता अन वाईट चोर कोणता, थे पयले सांगाचं ना!"

तेव्हापासून मी धडा सुधारला. ओटीपी कशाचा आहे ते त्या मेसेजातच लिहिलेलं असतं, आधी वाचा. आपण मागवलेली वस्तू दारात डोळ्यांनी दिसली तर सांगा. फोनवर कोणी मागितला तर देऊ नका. मागणारा मोठा साहेब आहे म्हणाला, तर मुळीच देऊ नका.

०

सखूच्या फोनवर हवामानाचं ॲप आहे. मोहफुलं वाळत घातलेल्या दिवसांत एका दुपारी ती ओरडत आली, पाणी येऊन राह्यलं, उचला! सगळ्या मोहल्ल्यानं मोहफुलं आत घेतली. आभाळ कोरडं ठणठणीत. सखू फोनकडे बोट दाखवत राहिली, ढग काढलेला, थेंब काढलेले.

मी फोन पाहिला. तो पार तालुक्याबाहेरच्या वडशाच्या दुकानातून घेतलेला, आणि दुकानदारानं ॲपमध्ये गाव टाकलं तेही वडसाच. लोकेशन म्हणजे तुम्ही कुठं आहात ते; फोनला ते चुकीचं सांगितलं तर तोही तुम्हाला दुसऱ्याच गावचं आभाळ दाखवतो.

सखूला समजलं. पण हार मानेल ती सखू कसली? संध्याकाळी वडशाच्या बहिणीला फोन लावला आणि आम्हाला ऐकवलं, "पडलं म्हणते तिकडं. माया फोन खोटा नाई बोलत."

०

एकदा ग्रामपंचायतीत महिलांसाठी व्हिडिओ मीटिंग होती. पडद्यावर तालुक्याचे एक साहेब. बाकी गावांच्या बायकाही आपापल्या ठिकाणाहून जोडलेल्या. साहेब स्वच्छतेवर बोलत राहिले, बोलत राहिले. कमल मला म्हणाली, संडास बांधला, आता पाणी का याच्या घरून आणाचं?

आमचा माईक उघडाच होता. तालुक्यानं ऐकलं. साहेब म्हणाले, ताई, कृपया म्यूट करा.

कमलनं विचारलं, म्यूट म्हणजे काय. म्हटलं, आवाज बंद करायचा, म्हणजे आपण बोललेलं त्यांना ऐकू जात नाही. ती म्हणाली, "सांगाचं होतं थे गेलं. आता कर बंद."

०

आता हा प्रवीण. कॉलेज केलेला, कंपनीच्या ऑफिसात बसतो, आम्हाला "तुम्हा लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही" असं ऐकवतो. गेल्या हिवाळ्यात यानंच गावच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. रस्त्यावरून वाघ चाललाय, खाली लिहिलेलं: आपल्याच गावाजवळ, सावध राहा. गावानं दारं लावली. लोक शेतात गेले नाहीत.

मी बायकांना व्हिडिओच्या वरचे दोन बाण दाखवले. ते बाण म्हणजे फॉरवर्ड, तेही पुष्कळ वेळा झालेलं. इकडून आलं, तिकडे ढकललं. पाठवणाऱ्यानं वाघ पाहिलेला नसतो, व्हिडिओही धड पाहिलेला नसतो.

सखूनं मात्र तो नीट पाहिला. प्रवीण चौकात भेटला तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "बाप्पा, वाघ आला थे मानलं. पण आपल्या गावात नारळाची झाडं कई आली?"

०

तर त्या दिवशीचं भांडण. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या रानातल्या अळंबीच्या छत्र्या, मटणाला मागं सारतील अशा. ज्या बाईला त्यांची जागा माहीत असते ती कोणाला सांगत नाही. अनुसयाला तिच्या सासूनं मरताना सांगितली. नवऱ्यालाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

पण यंदा त्या बाजूला खरोखरचा वाघ फिरत होता. अनुसया पहाटे एकटी जाते म्हणून मीच तिला लाईव्ह लोकेशन शिकवलं. आपण चालू लागलो की समोरच्याच्या फोनवर आपला ठिपका चालतो. कुठं थांबलो तेही दिसतं. म्हटलं, घरच्या माणसाला पाठवत जा. त्या बाजूच्या टेकडीवर नेटवर्कही चांगलं, निदान तेवढं एक ठिकाण तरी टॉवरवाल्यांना सापडलं.

आणि एका पहाटे ठिपका आला तो आमच्या महिलांच्या ग्रुपवर. अनुसया वारुळापाशी वाकलेली. मान वर केली तर समोर कमल आणि सखू, हातात टोपल्या. कमल म्हणाली, "ठिपका इथीच थांबला. मंग आम्ही पण थांबलो."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव तिथं. आम्ही सगळ्या म्हणालो, चुकून बोट लागलं बिचारीचं. प्रवीणही तेच ओरडत होता, चूक झाली म्हणून साधा बटणांचा फोन देतो, हा आण. सखू म्हणाली, अरे, जागा गेली, आता फोनही नेतो का? मी म्हटलं, एक चूक झाली म्हणून फोन काढायचा, तर पहिला तुझाच काढावा लागेल, नारळवाल्या.

तेव्हा अनुसया पहिल्यांदा बोलली. चूकबीक काही नव्हती, म्हणाली. अगोदर रोज पहाटे ठिपका तिनं प्रवीणलाच पाठवला होता. मेसेज उघडला की खालच्या दोन खुणा निळ्या होतात, हे मीच शिकवलेलं. त्या कधी निळ्या झाल्या नाहीत. तिनं त्याला विचारलंही होतं. त्यानं सांगितलं, तू सकाळी सकाळी टिंगटिंग करते म्हणून मी तुले म्यूट करून ठेवलं. मग कोणीतरी पाहावं म्हणून तिनं तो ग्रुपवर टाकला. जागा जाणार हे तिला ठाऊक होतं.

कमलनं मान खाली घातली. प्रवीण म्हणाला, पण आई, मले तसं सांगाचं तरी.

अनुसयानं पदर सोडला, फोन काढला आणि त्याच्या पुढे केलेल्या हातावर ठेवला.

"ने. अन उद्या वाघानं मले उचललं, तं पंचनाम्यात जागा कोणती लिवाची, थे फॉरेस्टवाल्याले तूच सांगजो."