चीफकाकांचा पाट

चीफकाका पियानोला बसण्याआधी पिशवीतून पाट काढायचे. जेवायला घेतात तसा, पितळी फुल्या ठोकलेला सागवानी पाट. तो डाव्या पायाखाली सरकवायचे आणि टाच चार वेळा आपटायचे. चौथ्या ठोक्यानंतर बँड सुटायचा आणि टाच गाणं संपेपर्यंत चालू राहायची.

मी नोकरीसाठी पुण्याहून लंडनजवळच्या स्लाऊला आले तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. बँडमधले लोक त्यांना ‘चीफ’ म्हणत, इथल्या जयंती मंडळातल्या मुलांनी त्याला ‘काका’ जोडलं. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं अजून नागपूरचं. वाजवायचे जंप ब्लूज, जुनं अमेरिकन नाचाचं संगीत. दोन सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि पियानो. दुःखाचे शब्द, पण ऐकणाऱ्याला खुर्चीवर बसू न देणारी चाल. भीमजयंतीला मंडळाच्या हॉलमध्ये ते भीमगीतंही याच चालीत वाजवायचे आणि पांढऱ्या साड्यांतल्या मावश्या पहिल्या कडव्यालाच उठायच्या.

हे संगीत त्यांना नागपूरला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेतल्या साहेबांच्या नाचगाण्याच्या क्लबात भेटलं. वडील तिथे झाडलोट करत. पियानोला फक्त पुसायला हात लावायची परवानगी होती. “मी लय पुसला तो पियानो,” काका सांगायचे. “तेवढा स्वच्छ पियानो अख्ख्या सेंट्रल रेल्वेत नव्हता.”

इथे आल्यावर दिवसा ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात काम आणि शनिवारी पबमध्ये बँड. पहिली रेकॉर्ड करायला लंडनला गेले तेव्हा स्टुडिओतल्या माणसाला त्यांच्या पायाचा आवाज खटकला. त्याने पायाखाली जाड गालिचा टाकला. ठोका कुणालाच ऐकू येईना, गाणं हळूहळू मंदावत गेलं, शेवटी तर वरातीमागून चालल्यासारखं. ती रेकॉर्ड कंपनीने काढलीच नाही. काका घरी आले. काकूंनी स्वयंपाकघरातला पाट काढून हातात दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी हा घेऊन जा, गालिच्यावर ठेवा. त्यानंतर चार रेकॉर्डी निघाल्या. चारींवर पाट ऐकू येतो.

रेकॉर्ड करताना प्रत्येक गाणं एकदाच वाजवायचं, हा त्यांचा नियम होता. “दुसरा टेक म्हणजे माफीनामा,” म्हणायचे. “मी काय गुन्हा केला?” एका रेकॉर्डवर मधेच कुणीतरी शिंकलेलं आहे. काका ती जागा आली की हात वर करून आम्हाला थांबवायचे, शिंक ऐकवायचे आणि समाधानाने मान हलवायचे.

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. हात वाचले, डावा पाय उचलेना. मुलीने लेस्टरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. काकांनी एकच अट घातली, जाण्याआधी पाचवी रेकॉर्ड. स्टुडिओची एक दुपार ठरली. पण घरी खालच्या खोलीत तालीम बसेना. ड्रमवाला डेस, निवृत्त बस ड्रायव्हर, काठ्या वाजवून सुरुवात करून द्यायचा आणि काकांचे हात पट्ट्यांवर तसेच पडून राहायचे. इतकी वर्षं ते पायाच्या मागून चालले होते.

मी चहा ठेवायला खाली गेले होते. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “तू देशील ठोका.”

मी म्हटलं, मला संगीत येत नाही. खरं तर चार लोकांसमोर मला नावसुद्धा नीट सांगता येत नाही.

“मी वाजवत असलो की वर तुह्या पायाचा आवाज येते मले. दोन वर्षं झाली. एकदाबी चुकली नाहीस.”

माझे कान तापले. मी वर बसून पाय आपटत असते हे मलाच नीट माहीत नव्हतं. या घरात मी सगळ्यांना बघते, मला कुणी बघत नाही, असं समजून मी निवांत होते.

स्टुडिओत मी त्यांच्या डावीकडे स्टुलावर बसले, पायाखाली पाट. काकांनी मान हलवली. मी चार ठोके दिले. इतके हळू, की कुणीच सुरू झालं नाही. काचेमागच्या माणसाने नम्रपणे टेक टू म्हटलं. माझ्यामुळे त्यांचा नियम मोडला होता.

“टेक वन,” काकांनी त्याला सांगितलं. “वी हॅव नॉट स्टार्टेड.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “काहून गं, भेव वाटते? माझ्या डोक्यावर चालतेस ना रोज, तशी चाल.”

डेस हसला. मलाही हसू आलं आणि त्या हसण्यातच टाच खाली गेली. एक, दोन, तीन, चार. काकांचे हात उठले, सॅक्सोफोन उठले, आणि पुढे शेवटपर्यंत मी कुणाकडेच पाहिलं नाही. सहा गाणी, प्रत्येक एकदाच.

नाव छापू नका, असं मी काकांना बजावलं होतं. त्यांनी शब्द पाळला. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांच्या यादीत शेवटी इंग्रजीत लिहिलं आहे: पाट – वरच्या मजल्यावरची.

काका आता लेस्टरला आहेत, पाटासकट. मुलीच्या घरी कीबोर्ड आहे आणि नातीला पायाचं काम लावलंय. फोनवर तक्रार करतात की ती घाई करते. खालच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलाय. परवा दुपारी त्याने दार वाजवलं आणि फार संकोचून विचारलं, तुम्ही पाय जरा हळू टाकाल का?

मी सॉरी म्हटलं. दार लावलं, रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली आणि या वेळी बूट काढून ठेवले. टाच तेवढी तशीच आपटत राहिली.