नोराचं ऊबदार फडकं

रात्री घराच्या हीटरचा थर्मोस्टॅट खाली करताना आमची शेजारीण नोरा प्रार्थना म्हणायची. भिंतीवरच्या त्या डबीवर तळवा ठेवून, डोळे मिटून, गेलिक भाषेत, अगदी हळू. आयर्लंडमधल्या तिच्या गावी बायका झोपण्यापूर्वी चुलीतले निखारे राखेखाली झाकत आणि हीच प्रार्थना म्हणत. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, चूल गेली, प्रार्थना राहिली. मी अर्थ विचारला तेव्हा म्हणाली, "घर ब्रिजिडच्या पांघरुणाखाली, माणसंही. तुमचंही घर धरते मी त्यात, भिंत जवळच आहे."

ब्रिजिड तिच्या गावची संत. तिच्या नावाची विहीर गावाबाहेर होती आणि विहिरीवरच्या झाडाला लोक चिंध्या बांधत. नोरा तिच्याबद्दल पलीकडच्या आळीतल्या मावशीबद्दल बोलावं तसं बोलायची. "बर्फात अनवाणी हिंडते, कुणाचं ऐकत नाही."

जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी नोरा अंगणातल्या झुडपावर एक पांढरं फडकं टाकून ठेवी. त्या रात्री ब्रिजिड गावोगाव फिरते, फडक्याला हात लावून जाते. मग वर्षभर डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. माझ्या बायकोला, नलिनीला, हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी असतेच.

नोराच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या संध्याकाळी वारा सुटला आणि फडकं आमच्या ड्राइव्हवेवरच्या चिखलबर्फात येऊन पडलं. मी ते उचललं, धुतलं, ड्रायरमध्ये टाकलं. वाळलं की परत टांगायचं, एवढाच विचार. खुर्चीत टेकलो आणि डोळा लागला. उठलो तेव्हा उजाडत होतं. फडकं अजून दमट होतं म्हणून घाईघाईने ड्रायर पुन्हा थोडा फिरवला, फडकं झुडपावर टाकलं आणि वळलो, तर नोरा दारात.

तिने फडकं गालाला लावलं. "ऊब आहे," ती म्हणाली. "यंदा थांबली होती ती." तिचा चेहरा असा उजळला होता की ड्रायरचं मी सांगितलंच नाही.

त्यानंतर तिने अंथरूण धरलं. ऊबदार फडक्याची गोष्ट तिच्या मुलीला, नर्सला, चर्चच्या फादरना सांगून झाली. कपाळावर फडकं बांधलेलं असायचं. मी भेटायला जाई आणि तिच्या नजरेला नजर देत नसे. ती ज्याच्या भरवशावर या जगातून निघाली होती, ते फडकं त्या रात्री बाहेर नव्हतंच. एका दुपारी मुलगी औषधं आणायला गेली असताना मी सगळं सांगून टाकलं, ड्रायरसकट.

नोराने कपाळावरचं फडकं सोडून हातात घेतलं. मला वाटलं, हिचं उरलंसुरलं मी काढून घेतलं.

मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री ती तुमच्याकडे होती." डोळे मिटून पुढे म्हणाली, "चहा तरी विचारलात का तिला?"

अंत्यविधीच्या वेळी मुलीने चर्चमध्ये ती ऊब चमत्कार म्हणून सांगितली. मी मान खाली घालून बसलो. खरं काय झालं ते म्हणून इथे लिहून ठेवतो आहे. नोराच्या मुलीलाही इंग्रजीत वाचून दाखवणार आहे.

मुलीने आम्हाला दिलेलं ते फडकं यंदा नलिनीने आमच्या झुडपावर टाकलं. थर्मोस्टॅट खाली करताना माझा तळवा क्षणभर डबीवर राहिला. प्रार्थना मला येत नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. नलिनी मागून आली, भांड्यात डोकावली आणि आणखी एक कप पाणी ओतलं.